क्रमांक सात

कणकवलीत, पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत
बारा खेकडे ठेवलेत मी
टबात आचऱ्याच्या खाडीचा चिखल अंथरून.
खिडकीला काळा कागद. एकच लाल दिवा,
दिवसरात्र तेवढाच.
समुद्र इथून तासाभराच्या एसटीवर.

पाठीवर नेलपॉलिशचे आकडे.
लाल सहाला संपली, पुढे बहिणीची जांभळी.
नर सगळे. एक डेंगा नखाएवढा,
दुसरा अंगापेक्षा मोठा,
शेजाऱ्याकडून मागून आणलेला
आणि परत द्यायचा राहिलेला.

दर दहा मिनिटांनी नोंद: कोण बाहेर, कोण बिळात.
इथे पाणी चढत नाही, उतरत नाही.
मी मगाने शिंपडते तेवढंच,
तेही वेळा बदलून, त्यांना फसवायला.
तरी तिकडे सुकती लागली
की इथे बिळाच्या तोंडची माती हलते.
वर येतात. डेंगा उचलून
बोलावत राहतात
टबात नसलेल्या कुणाला तरी.

पकडून दिले अनसूया कुबलने,
चारशे रुपये रोजावर. ती त्यांना 'बोलवणे' म्हणते.
शनिवारी आली, पायरीवर चपला काढल्या,
टबाकडे न बघताच म्हणाली,
"आज अष्टम. आठाची पावणपट सा.
साक भरती, म्हणजे बाराक सुकती.
बाराक येतले भायर."
मी छापील कोष्टक उघडलं होतं,
ते मिटलं.

बाराला पाच कमी. पहिला आला. मग चार. मग भराभर.
सात नाही.

दहा दिवस सात असाच. चाळीस मिनिटं उशिरा.
मी वहीच्या कडेला लिहून ठेवलेलं:
आजारी? कात टाकायला आलाय?
ती बाजू गिरणीकडे, हादरे लागत असतील?
टब तीनदा फिरवला. तरी चाळीस.
सर फोनवर म्हणाले, असतो एखादा, काढून टाक.

अनसूया टबाशी उकिडवी बसून होती.
बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसलं.
"बाय, रागाव नको.
त्या दिसा अकराच गावले. पाणी चढाक लागला.
तू म्हटलंस बारा होये.
मगे मी वयर माहेराक गेलंय,
थयसून एक हाडलो."

वर, म्हणजे खाडी जिथे ओढ्याएवढी होते,
जिथे समुद्राची बातमी
होड्यांखालून, कांदळाच्या मुळांतून
वळणं घेत पोचते,
तोवर खाली आचऱ्याला ती शिळी झालेली असते.

बारा चाळीस. जांभळा आकडा वर आला.
"इलो बघ माजो भाव," अनसूया म्हणाली.
आणि मग, टबाकडेच बघत,
"लगीन होऊन एकवीस वर्सां झाली.
अजून माका जाग येता
ती थयल्या पाण्यान."

गिरणी जेवायला बंद झाली होती.
मी सातच्या रकान्यावर रेघ मारली. वगळला.
'कारण' याला बोटभर जागा असते.
'नमुना चुकीच्या ठिकाणचा,' लिहिलं.
'चुकीच्या' खोडलं.
'दुसऱ्या' लिहिलं.

रविवारी परत सोडायला दोन बादल्या.
एक आचऱ्याच्या धक्क्यापाशी उपडी केली, अकरा गेले.
दुसरी अनसूयाच्या मांडीवर, रिक्षात,
वरच्या वाटेला.
रिक्षावाला आरशातून दोनदा वाकून बघून म्हणाला,
एवढ्याश्या कुर्लेची
आमटी ती कितीशी होतली?