मानस

मराठीत मानस म्हणजे मन.
सांतेस्तेवच्या बांधावर ते एक दार आहे,
जाड फळ्यांचं, नदी आणि शेत यांच्यामध्ये.

आम्ही त्याला मोटार बसवली.
ओहोटीची वेळ, चार वाजून दहा,
मी एका वस्तूत ठेवली आणि दोघांना दिली:
दाराच्या मोटारीला,
आणि इथली मासळी लिलावात घेतलेल्या रुझारला,
त्याच्या फोनवर जरा आधी वाजावं म्हणून.
दिली, असं मला वाटलं.
दिला होता फक्त पत्ता.

रुझारसाठी अर्धा तास वजा केला.
एकच ओळ, मीच लिहिलेली, पाव खाता खाता.
दाराने वाचलं: तीन चाळीस.
बाहेरचं पाणी अजून वर होतं.

सकाळी इनासबाब कोरगुटात उभे,
बोट बुडवून चाखत होते.
"खारं," एवढंच म्हणाले.
ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी प्रती काढल्या. ज्याची वेळ त्याच्यापाशी,
कुणी कुणाच्या घड्याळाला हात लावायचा नाही.
दोन रात्री शांत झोपले.
तिसऱ्या रात्री वारा फिरला, ओहोटी लांबली,
इनासबाबांनी स्वतः बटण दाबून चार पंचवीस केले.
रुझारकडे जुनीच प्रत.
तो जाळं घेऊन चिखलात बसला
आणि माझ्या सात पिढ्यांची नावं विचारत राहिला.

इनासबाबांनी कागदाच्या पुडीत भेंड्याचं बी दिलं.
"हे दिलं की तुझं.
तुझ्या परसात कीड पडली तर माझ्या भेंड्याला काय?
पण दाराचं बी नसतं, बाय.
दार एकच. त्याला विचारायला जावं लागतं."

आता वेळ बदलता येत नाही;
हवी तर नवी घ्यायची, जुनी तशीच राहते.
आणि दाराची प्रत कुणालाच नाही.
उघडं की बंद, हे रुझारही दारालाच विचारतो.
चावी एका खिळ्याला,
खाली इनासबाबांची चप्पल.

सगळं चालतं.
तरी पहाटे चारला मला जाग येते.
बांधालगतच्या कोपऱ्यात यंदा भात नाही,
कोरगूट खारं सोसतं, पण इतकं नाही.
त्या कोपऱ्याची आधीची प्रत
मी कुठेच ठेवलेली नव्हती.