सतरा नंबरची बशी

हिप्परग्याच्या तलावाकाठची काळी माती,
मार्चमध्ये आणलेली, चमचाभर,
भेगेत कोपरापर्यंत हात घालून.
तिच्यातून निघाला हा:
खडूसारखा पांढरा, वर बारीक भुकटी,
झाकण काढलं की पेव उघडल्यासारखा वास.

महिनाभर आम्ही त्याला पोसलं.
ग्लुकोज, पेप्टोन, यीस्टचा अर्क.
तो फोफावला, बशीच्या काठाला जाऊन टेकला
आणि शेजारी पेरलेल्या जंतूंना
त्यानं बोटही लावलं नाही.

"खायला घालताय की मरेस्तोवर,"
बाटल्या विसळत इरण्णा म्हेत्रे म्हणाला,
"पोट भरलेला कशाला भांडंल, मॅडम?"

मग सतरा नंबरच्या बशीत
नुसता आगार आणि जोंधळ्याच्या पिठाची निवळ.
सहाव्या दिवशी त्याच्याभोवती
एक रिकामं, लख्ख वर्तुळ.

आत काय झालं असेल
ते मी दरवर्षी फळ्यावर काढते.
जनुकाच्या दारात बसलेलं एक प्रथिन,
रात्रंदिवस 'नाही' म्हणणारं.
अन्न सरत येतं तसे धागे
एक इवलासा रेणू सोडू लागतात.
एकट्याचा ओलीत विरून जातो.
पुष्कळांचा साचतो, साचत साचत
त्या राखणदाराच्या कुशीत शिरतो,
आणि तो दारातून उठतो.
तेव्हा औषध.
त्याच्याही आधी, हे पोरींना मी दोनदा लिहायला लावते,
त्या विषानं आपणच मरू नये याची तजवीज.
जुने धागे तोवर विरघळू लागलेले.
नवे त्यांनाच खाऊन उभे राहतात
वर, हवेत, बीजाणू धरायला.
परीक्षेत याला सहा मार्क.

नायनाला याच्याच एका चुलतभावानं वाचवलं.
साखर पेठेतला दवाखाना, दोन महिने, रोज सुई.
खोकला गेला. त्याच्या मागोमाग कान गेले.
डॉक्टर म्हणाले, सुईमुळं असेल.
आई म्हणाली, तीस वर्षं मागावर, मग काय होणार.
नायना काहीच म्हणाला नाही.
त्याला प्रश्न ऐकू आला नव्हता.

परवा वाचलं:
मातीत हे औषध इतकं थोडं असतं
की त्यानं तिथं कुणी मरतही नसेल.
तिथं तो कदाचित नुसता निरोप,
या धाग्याचा त्या धाग्याला,
शब्दभर.

रात्री गच्चीवर गेले. फरशी अजून तापलेली,
नायना चादर ओली करून उताणा पडलेला.
त्याच्या कानाशी वाकून सांगितलं,
आज वर्तुळ आलं. बावीस मिलिमीटर.
"आँ?"
मी दोन्ही हातांच्या बोटांनी गोल करून दाखवला.
तो बघत राहिला त्या रिकाम्या गोलातून माझ्याकडं,
मग "तिनलेदा?" म्हणाला, जेवली नाहीस होय,
आणि गुडघ्यावर हात टेकून
भाकरी बघायला उठला.