तीन महिने

चिठ्ठीवर तारीख सहा वर्षांपूर्वीची.
रात्री एक, जेवणानंतर,
आणि त्याखाली रेघ मारून : तीन महिने.
घडीवर घडी पडून नेमकी तीच ओळ विरलीय.
कन्ना चौकातल्या मेडिकलवाल्यानं ती कधी वाचली नाही.
मीही नाही.

नाना गेल्यावर अम्मा
सूप मांडीवर घेऊन नुसती बसायची.
पानं भिजलेली, कात्री हातात,
कापायची नाही.
वेणी नाही, भाताला हात नाही.
गुंडेटी वहिनी म्हणाल्या, वय झालं, रडणारच की.
तेव्हा गोळीनंच तिला उठवलं,
हे मी कुणासमोरही कबूल करीन.
बाविसाव्या दिवशी म्हणाली, आमटीत मीठ जास्त झालंय.
मी मोरीत जाऊन रडले.

मग गोळी घरचीच झाली.
पाणी पाच दिवसांनी यायचं, गोळी रोज.
पाकीट संपत आलं की ती स्वतःच
पानं कापायच्या कात्रीनं एकीच्या दोन करायची,
पत्रा ठेवून कापल्यासारख्या नेमक्या,
आणि बोटाला लागलेली भुकटी चाटायची.
आयुष्यभर जर्दा चाखला नाही म्हणे,
हे तरी चाखते.

टॉवेलच्या कारखान्यात मला रात्रपाळी लागली
आणि अम्मा होटगी रोडच्या आश्रमात गेली.
तिथं आठ वाजता रुबीना ट्रे घेऊन येते.
बारा पलंग, नऊ डब्यांत तीच पांढरी.
बिराजदार आजींना विचारलं, कशासाठी घेता?
गोत्तिल्ल, म्हणाल्या हसून,
मग मराठीत, सगळ्याच घेतात की.
रुबीना वाईट नाही. बारा जणींना रात्री ती एकटी.
एक जरी जागी राहिली तर कुणाकुणाकडे बघणार?

अम्मा शांत होती.
नातवाच्या लग्नाचे फोटो दाखवले
तर फोटोमागची भिंत बघायची.
बोटंसुद्धा थांबली.
घरी होती तेव्हा झोपेतही वळायची,
हवेतल्या पानात हवेतला जर्दा,
नखानं तोंड बंद,
पंचवीस झाल्या की अंगठा दाबून कट्टा.

मग बाथरूममध्ये पडली.
रक्तातलं मीठ कमी झालंय, सिव्हिलमधली तरुण डॉक्टरीण म्हणाली.
मीठ? उखळात शेंगाचटणी कुटणाऱ्या बाईचं?
तिनं पिशवी टेबलावर पालथी करायला लावली,
पांढरी पट्टी उचलली.
ही कुणी सुरू केली?
मी सांगितलं.
आणि थांबवायची कुणी होती?
मी घडी उघडून चिठ्ठी पुढं केली.

एकदम नाही, म्हणाली. आधी अर्धी, मग पाव.
चिडतील, चक्कर येईल, रडतीलही.
नाही झेपलं तर पुन्हा सुरू करू, त्यात हार कसली.

मी अम्माला तिची कात्री नेऊन दिली.

पाच आठवडे झाले.
काल गेले तर पलंगावर बसून रडत होती,
नानांच्या नावानं, तेलुगूत, मोठ्यानं,
सहा वर्षांनी.
बिराजदार आजी कानांवर पदर ओढून पडलेल्या.
रुबीना ट्रे धरून दारात,
माझ्याकडे बघत.
हा आजार परत आलाय की नाना आलेत,
मला सांगता येईना.

शेजारी टेकले.
तिची बोटं माझ्या ओढणीचा काठ वळायला लागली,
एक, दोन.
मी मोजत राहिले.
सतरापर्यंत आठवतं,
मग चुकले.