रुजुवात

ठाण्याला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत
माझे वडील, इनास, नकला उतरवायचे.
एकतीस वर्षं. कोर्टनाक्याहून डबा परत यायचा
तो झाकणावर शाईची बोटं घेऊन.

मूळ कुठाय? मी विचारलं एकदा, कॉलेजातून आल्या आल्या.
नकलेची नक्कल, तिची नक्कल. आणि सांगणारे चौघं,
एकाच्या थडग्यापाशी एक देवदूत, दुसऱ्याच्या दोन.
यावर विसंबायचं?

ते कांदा चिरत होते. म्हणाले,
चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखे बोलले
की आमचा साहेब आधी विचारायचा,
यांना चहा कुणी पाजला?

मग बराच वेळ काही नाही.
मग, सुरी धुताना:
माजिवड्याच्या एका खरेदीखतात
मी पास्कूचं पांडू केलं होतं.
रुजुवात घेणाऱ्यानं न वाचता सही ठोकली.
अकरा वर्षं त्या माणसाचं शेत त्याचं नव्हतं.
दुसरी प्रत उथळसरला कुणाच्या पेटीत निघाली
म्हणून सुटला.

एवढंच. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

आता त्यांचं शास्त्र माझ्याकडे आहे.
दुसऱ्या शुभवर्तमानाच्या शेवटी
बायका थडग्यापासून पळतात,
भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत
(सगळ्यात जुन्या प्रती म्हणे तिथंच थांबतात),
तिथं समासात पेन्सिल, कचेरीचं अक्षर:
अस्सल पाहिले नाही.

खाली, नक्कल करणार. पुढे कोरं.
रुजुवात घेणार. पुढे तारखा,
दर पवित्र शनिवारची एक, सव्वीस मोजल्या,
शेवटच्या दोन थरथरलेल्या.
सही एकीपुढेही नाही.