पासंग

सेगेडच्या शाळेत, व्यायामशाळेच्या दारामागे,
घामट गाद्यांच्या चळतीला टेकून
एतेल्काचं टेबल.
शिवणयंत्र, मेण लावलेला दोरा,
सोनाराकडे असते तसली तागडी,
आणि खुर्चीखाली वरीचं पोतं.
तिच्या देशात वरी पाखरांना घालतात.

आत तीनशे माणसं वस्तू हवेत फेकताहेत:
चेंडू, कड्या, प्लास्टिकचे मुद्गल,
दोन काठ्यांमधल्या दोरीवर घरघरणारे भोवरे.
रात्री तिथंच झोपतात, पथाऱ्या टाकून,
उशाशी आपापलं सामान.
दुसऱ्याच्या सामानावरून ओलांडून जायचं नाही,
पाय लागला तर तीनदा झेलून परत द्यायचं.

एतेल्काला दोन चेंडूही येत नाहीत.
कुणी हसलं तर म्हणते,
घंटा ओतणारा प्रार्थनेला जातोच असं नाही.

तिच्याकडे येतं ते सगळं पडलेलं.
पडणं हाच तिचा धंदा.
तडकलेली बोंडं, सोललेल्या मुठी.
मुठीला ती निळी पट्टी गुंडाळते, तिरकी, खालून वर,
कारण तळहात वरून खाली घसरतो.
एका पोरीचे पाचही चेंडू उंदरांनी फोडले.
प्लास्टिकचे मणी भर, पोरगी म्हणाली, ते खात नाहीत.
एतेल्कानं नाक मुरडलं.
मण्यांचा चेंडू हातावर आदळतो.
वरी बसते,
खुडूक कोंबडी बसते तशी, अंग सोडून.

मग बार्नाबाश आला. एकोणीस वर्षांचा, कानात खिळा.
जुन्या बाजारात घेतलेला कातडी चेंडू, लाल, आता विटकरी.
"यात काहीतरी टोचतंय. काढून टाका."

तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला.
दुहेरी टाका, शेवटी उलटी गाठ.
आपलं अक्षर कुणी विसरतं का?

उसवला.
वरीचं पीठ झालेलं, थोडं जाळं, एक मेलेला किडा,
आणि पितळी बटण.

सर्कशीच्या मॅनेजरच्या ओव्हरकोटाचं.
तो जेवत असताना तिनंच कापलेलं,
ज्या हिवाळ्यात वेन्सेलच्या डाव्या डोळ्यात
दूध सांडल्यासारखं झालं.
पाच चेंडू उंच जायचे, दिव्यात विरघळायचे,
खाली येताना चार दिसायचे.
कुणाला कळलं असतं तर तबेल्यात शेण काढायला लावलं असतं.
तो म्हणाला, एकाला खूण कर.
एक ओळखीचा हाताला लागला
की उरलेले चार कुठं आहेत ते मला कळेल.

खूण करणं सोपं. वजन अवघड.
बटणाच्या भाराइतकी वरी काढायची,
दाणा दाणा, तागडीचा काटा श्वासानंही हलतो,
ती तोंडावर रुमाल बांधून बसली होती.
सहा वर्षं तो झेलत राहिला
आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाच कळलं नाही
की हा माणूस एकच चेंडू ओळखतो.

पुढचं ती बोलत नाही.
वेन्सेल कुठं गेला, सामान कुणी विकलं.

"जुनं काहीतरी," ती पोराला म्हणाली.
नवी वरी भरली,
बटणाच्या जागी चिमूटभर जास्त.
वरीचे पैसे घेतले. शिवणावळ घेतली नाही.
त्यानं तीनदा उडवून पाहिला.
"आता मस्त बसतो."
हो, ती म्हणाली, आता बसेल.

शेवटच्या संध्याकाळी त्यांची रीत आहे:
दहापासून उलटं मोजायचं
आणि हातात असेल ते सगळ्यांनी एकदम वर फेकायचं.
दरवर्षी एतेल्का कापड बेतायची फळी डोक्यावर धरून
टेबलाखाली जाते.
या वर्षी फळी भिंतीलाच राहिली.
तीन. दोन.
तिनं ॲप्रनच्या खिशात हात घातला.

छत क्षणभर रंगीत झालं,
मग गारा पडाव्यात तसं सगळं खाली.
मुद्गल, कड्या, कुणाचा तरी बूट.
बटण तिच्या बोटांना लागून निसटलं,
घरंगळत गाद्यांखाली गेलं.

ती वाकली नाही.
कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तिकडे पाहत राहिली,
मग बसली.
टेबलापुढं तोवर रांग लागली होती,
पहिल्याच्या हातात दोन तुकडे.