लाल पहिले जाते

पाटी खाली उतरवली
तर मागे भिंतीवर पाटीएवढाच
जुना पिस्ता रंग निघाला,
आणि कुंभारमाशीचं घर,
मातीचं, पाच खोल्यांचं, रिकामं.

मस्कासाथेतलं आमचं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे.
मे महिन्यात दुपारी तीननंतर
शटरला हात लावायचा तर फडकं लागतं.
पत्रा आजोबांचा, रंग बाबांच्या वेळचा.
अठ्ठावीस उन्हाळे त्या रंगानं छातीवर घेतले.
त्यातला प्रत्येक नवतपा बाबांनी
वहीत लिहून ठेवलाय, उधारीच्या शेजारी:
४५.८. ४६.२. गजाननकडून येणे ११० रु.

पाटीवर मुळात होतं
निनावे तराजू-काटा
दुरुस्ती
खाली फोन, सहा आकडी.
पहिली ओळ लाल. बाकी काळी.
लाल कधी गेली, कुणी पाहिलं नाही.
मी बारावीत असेन तेव्हा
वर नुसतं दुरुस्ती उरलं होतं.

मग लोक काहीही आणायला लागले.
कुकरचं हँडल. छत्री. पोराची तीनचाकी.
एक बाई पेटी घेऊन आली,
तिचा वरचा सा दाबला की दाबलेलाच राहायचा.
आम्ही काटे करतो हो बाई, बाबा म्हणाले,
आणि पेचकस शोधायला लागले.
शिक्के मारायला येणारे वजनमापेवाले साहेबसुद्धा
त्यांना दुरुस्तीवाले म्हणायचे.
निनाव्यांचं नाव गेलं,
यावर घरात कुणी हसलं नाही.
अर्धी गल्लीच निनावे, हसणार कोण.

फ्लेक्सवाला म्हणाला, तीनशे रुपये, दोन तास,
वर ताईंचा फोटो फुकट.
मी लोणारे पेंटरांना फोन केला.
इंदोऱ्याहून लुनावर आले,
पुढे टर्पेंटाइनची बाटली, डिक्कीत ब्रश.
हल्ली ते नंबरप्लेटा करतात.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा
दिवाळीनंतर.

काचपेपर फिरवता फिरवता
दुरुस्तीच्या पोटातून
फिकट निळा शब्द वर आला:
मरम्मत.
आजोबांच्या काळातला, नागपूर राजधानी होतं
आणि राज्य हिंदीतही चालायचं तेव्हाचा.
लोणारे थांबले. अक्षर कोणाचं असेल
म्हणून बोटानं म ची गाठ चाचपत राहिले.
मग रेडऑक्साइडचा हात मारला.

रंग वाळेपर्यंत चहा.
मी विचारलं, काका, तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं?
"ठाऊक नसायला काय झालं पोरी.
लाल पहिले जाते. उन्ह लालच खाते.
मी सांगतलं होतं तुह्या बापाले,
नाव काळ्यात घे."
मग?
मला वाटलं आता बाबांचं काहीतरी
ठेवून घेण्यासारखं वाक्य येईल.
"मग काय. निवडणुकीच्या भिंतीतून
माह्याजवळ लाल डबा उरला होता.
फुकटात देतो म्हटलं.
तो म्हणाला, मंग लालच मार."

खडू लावलेला सुताचा दोरा ताणून
मी एक टोक धरलं, त्यांनी एक.
टण्ण. सरळ रेघ उमटली.
हात त्यांचा हलतो,
पण ब्रश पत्र्याला टेकला की हलत नाही,
हे मी तीनदा पाहिलं.
निनावे काळ्यात. तराजू-काटा काळ्यात.
दुरुस्ती काळ्यात, जरा लहान.
मोबाइल नंबर लिहिताना त्यांनी
माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

शनिवारी पाटी चढली.
सोमवारी एक म्हातारबा
पिशवीत टेबलफॅन घेऊन फुटपाथावर उभे.
पाटी वाचली. पुन्हा वाचली.
शेजारच्या सुतळीवाल्याला विचारलं,
"इथं एक दुरुस्तीवाले होते, गेले काय?"
आणि चालू लागले.

मी काउंटरवरचा काटा तसाच सोडून
चपला न घालता रस्त्यावर गेले,
डांबर पोळत होतं,
म्हटलं, आजोबा, इकडे,
काय झालं पंख्याला?