उजवा कान

"दुकानात सगळेच गोड बोलतात,"
इरण्णा बिराजदार म्हणाला,
"गाडी सुरू करून बघा."

नव्या पेठेत, त्याच्या पायरीला लावलेली गाडी
रेस करत
मी एकेक रेडिओ टाकीवर धरला.
पहिला चंदेरी. इंजिनानं एका घासात गिळला.
दुसऱ्याची नुसती टिमकी, शब्द नाही.
तिसऱ्यात ब्लूटूथ, निळे दिवे, काय काय होतं,
आकाशवाणी तेवढी लागेना.

इरण्णाला काय सांगू,
अठरा वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
चोवीस मागांच्या खडखडाटात
तुटला धागा मी कानानं ओळखायचो.
डावा कान तिथंच राहिला.
उजव्याला अजून निवडता येतं.

चौथा काळा, जाडजूड, कोपरा पिचलेला.
आवाज घोगरा, आमच्या जॉबर मल्लेशमसारखा;
तो कधी ओरडला नाही,
पण शेवटच्या मागापर्यंत ऐकू जायचा.
"हा."
"अहो, तो माझा दुकानात ऐकायचा आहे."
"म्हणूनच."

हँडलला उजवीकडं बांधलाय, सायकलच्या ट्यूबनं.
होटगी रोडला वारा अर्धं वाक्य ओढून नेतो.
कांदा... आवक... क्विंटलला...
मधली गाठ मी मारून घेतो,
सवय आहे.

सात रस्त्याला सिग्नल लागतो.
इंजिन मंदावतं, आणि एकाएकी
माझ्या गुडघ्याजवळून अख्ख्या चौकाला
उजनीचं पाणी ऐकू येतं.
शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढतो,
"किती टक्के म्हणाले?"